एका अंशात किती मिलिमीटर? डोळ्याची लांबी आणि दृष्टिपटलाच्या मापनाचा इतिहास

नेत्ररुग्णालयातून हाती पडणाऱ्या ओसीटी तपासणीच्या अहवालावर दोन जातींचे आकडे असतात. एक आकडा दृष्टिपटलाची, म्हणजे रेटिनाची, जाडी सांगतो. तो मायक्रोमीटरमध्ये असतो. दुसरा आकडा दृष्टिपटलावरच्या एखाद्या भागाची रुंदी, व्यास किंवा क्षेत्रफळ सांगतो. तो मिलिमीटरच्या हिशेबात असतो. छपाई सारखीच असल्याने वाचणाऱ्याला दोन्ही आकडे सारख्याच खात्रीचे वाटतात. प्रत्यक्षात पहिला आकडा यंत्राने मोजलेला असतो, तर दुसऱ्यात बहुधा एक अनुच्चारित गृहीतक दडलेले असते: समोर बसलेल्या माणसाचा डोळा किती लांब आहे, याविषयीचे.

या गृहीतकाचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत लिहिला गेला. हा लेख मी जबलपूरहून लिहीत आहे. नागपूर आणि जबलपूर एकाच रस्त्यावरची शहरे, एकेकाळी एकाच मध्य प्रांतातली. त्यामुळे त्या खेड्यांत निघालेला आकडा इथल्या माणसाला परका वाटू नये.

आधी त्यामागचे भौतिकशास्त्र पाहू. कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागापासून मागे दृष्टिपटलापर्यंतचे अंतर म्हणजे डोळ्याची अक्षीय लांबी. नवजात बाळात ती सुमारे १७ मिलिमीटर असते आणि प्रौढ वयात साधारण २३ ते २४ मिलिमीटरपर्यंत वाढते. ओसीटी यंत्र डोळ्यात अवरक्त प्रकाशाची बारीक शलाका सोडते. दृष्टिपटलाच्या निरनिराळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाला किती विलंब झाला, हे ते व्यतिकरणाच्या साहाय्याने ताडते आणि त्यावरून थरांची जाडी काढते. हा विलंब थराच्या जाडीवर आणि ऊतीच्या अपवर्तनांकावर अवलंबून असतो. त्या थराच्या पुढे डोळा किती लांब आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आडव्या दिशेची गोष्ट निराळी. तिथे यंत्राच्या हाती एवढेच असते की शलाका किती अंशांनी वळवायची. त्या अंशांचे दृष्टिपटलावर किती मिलिमीटर होतात, हे यंत्राला दिसत नाही. विजेरी हातात धरून मनगट दहा अंशांनी फिरवावे. भिंत दोन मीटरवर असेल तर प्रकाशाचा ठिपका जेवढा सरकेल, त्याच्या दुप्पट तो चार मीटरवरच्या भिंतीवर सरकेल. मनगटाला दोन्ही वेळा सारखेच वाटेल.

कोनांवरून आकृती कळते, आकार कळत नाही, हे सर्वेक्षकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजली ती याचसाठी. त्रिकोणांची साखळी कितीही दूर नेली, कोन कितीही बारकाईने मोजले, तरी एक बाजू प्रत्यक्ष जमिनीवर साखळी टाकून मोजल्याखेरीज नकाशाला मैल लाभत नाहीत. लॅम्टन हे काम करत करत उत्तरेकडे सरकले आणि १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे वारले. त्यांच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी सिरोंज येथे नवी पायारेषा मोजली, कारण दक्षिणेतल्या पायारेषेवर मध्य भारताचा डोलारा निमूटपणे उभा करणे त्यांना मान्य नव्हते. डोळ्याच्या बाबतीत अक्षीय लांबी हीच पायारेषा आहे. दृष्टिपटलाच्या मापनशास्त्राने ती कधी मोजली, कधी उसनी घेतली आणि पुष्कळदा विसरून टाकली.

जिवंत डोळ्याची लांबी मोजण्याचा धीट प्रयत्न केला तो थॉमस यंग यांनी, आणि तोही स्वतःच्या डोळ्यावर. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात त्याचे वर्णन आहे. यंग यांचे डोळे थोडे पुढे आलेले होते. डोळा नाकाच्या दिशेने शक्य तितका वळवायचा, म्हणजे नेत्रगोलाचा मागचा भाग बाहेरच्या कोपऱ्यातून हाताशी येतो. तिथे चावीची कडी दाबायची. दृष्टिपटलावर दाब पडला की माणसाला प्रकाश नसतानाही उजळ आकृती दिसते. ती आकृती जेव्हा दृष्टीच्या ऐन मध्यभागी येईल, तेव्हा कडी डोळ्याच्या मागच्या टोकाशी पोचली असे समजायचे आणि पुढे कॉर्नियापर्यंतचे अंतर कंपासने घ्यायचे. (कोणीही हा प्रयोग घरी करू नये; यंग यांचे धाडस यंग यांच्यापाशीच राहू द्यावे.) यातली कल्पना मला आजही विलक्षण वाटते. मागचा पडदा बाहेरून दिसत नाही, तेव्हा तो कुठे आहे हे त्यालाच विचारायचे. त्याच सुमारास हेच यंग प्रकाशाच्या व्यतिकरणाचा सिद्धान्त मांडत होते. या दोन कामांचा संबंध जुळायला पुढे १८७ वर्षे लागली.

१८५१ मध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रतलदर्शक प्रसिद्ध केला आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल डॉक्टरांना दिसू लागले. दिसले की मोजावेसे वाटतेच. पण मोजपट्टी कुठून आणायची? तेव्हा वैद्यांनी दृष्टिपटलावरचीच एक खूण मोजपट्टी म्हणून स्वीकारली. दृष्टिमज्जातंतू जिथून डोळ्याबाहेर पडतो, तिथे एक फिकट गोल चकती दिसते. तिला ऑप्टिक डिस्क म्हणतात. डाग अर्ध्या डिस्कएवढा आहे, रक्तस्राव केंद्रापासून दोन डिस्क दूर आहे, अशी भाषा रूढ झाली. पुढे सोयीसाठी एक डिस्क म्हणजे दीड मिलिमीटर असेही ठरले. शेतात पावलांनी अंतर मोजावे तसेच हे. पावले टाकणारा एकच असेल तोवर चालते.

फ्रान्स डोंडर्स यांच्या १८६४ च्या ग्रंथाने चष्म्याच्या नंबरांमागची कारणे नीट लावली. दूरचे अंधूक दिसण्यामागे पुष्कळदा नेत्रगोल लांब झालेला असतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. म्हणजे डोळे निरनिराळ्या लांबीचे असतात, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होते. तरीही गणिताला एक ठरावीक डोळा हवा असतो. उप्साला येथील आल्व्हार गुलस्ट्रांड यांनी १९०९ मध्ये असा नमुना डोळा मांडला. त्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर आणि एकूण शक्ती ५८.६४ डायॉप्टर. गुलस्ट्रांड यांना १९११ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचा डोळा पाठ्यपुस्तकांतून जगभर गेला. आमच्या पिढीनेही पदवीच्या वर्गात प्रकाशिकीची उदाहरणे त्याच डोळ्यावर सोडवली. त्या उदाहरणांत कोणाच्या डोळ्याची लांबी दिलेली नसे, कारण ती ठरलेलीच होती.

१९२० च्या दशकात नेत्रतलाचे छायाचित्र घेणारा कॅमेरा बाजारात आला. छायाचित्र हाती आले की त्यावर पट्टी ठेवून मोजणे सोपे; परंतु कागदावरच्या एका सेंटिमीटरचे दृष्टिपटलावर किती, हा प्रश्न तसाच उरला. दरम्यान डोळ्याची लांबी मोजण्याची एक नवी रीत निघाली होती. इंग्लंडमध्ये रश्टन यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांचा उपयोग केला. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातून क्ष-किरणांचा पातळ पट्टा आडवा सोडला की दृष्टिपटलाला तो प्रकाशासारखा जाणवतो. पट्टा नेत्रगोलाला जिथे छेदतो तिथे माणसाला एक उजळ कडे दिसते. पट्टा मागे मागे सरकवत नेला की कडे लहान होत जाते आणि अगदी मागच्या टोकाशी त्याचा बिंदू होऊन ते नाहीसे होते. यंग यांच्या चावीच्या कडीची जागा क्ष-किरणांनी घेतली होती. साक्षीदार मात्र तोच, खुद्द दृष्टिपटल. स्वीडनमधील स्टेनस्ट्रॉम यांनी १९४६ मध्ये याच रीतीने एक हजार माणसांचे उजवे डोळे मोजून दाखवले. सरासरी २४ मिलिमीटरच्या आसपास आली. गुलस्ट्रांड यांच्या नमुन्याला अशी त्यांच्याच देशात पुष्टी मिळाली, आणि २४ हा आकडा अधिकच पक्का होऊन बसला.

पुढच्या पायऱ्या भराभर आल्या. १९५६ मध्ये अमेरिकेत मंड्ट आणि ह्यूज यांनी श्राव्यातीत ध्वनीने डोळ्याच्या आतले अंतर मोजले. त्याआधी १९४९ मध्ये लंडनला हॅरल्ड रिडली यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले होते. ती शस्त्रक्रिया रूढ होत गेली तशी लांबी मोजण्याची निकड वाढली, कारण लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरने चुकतो. १९८८ मध्ये अडॉल्फ फेर्चर आणि सहकाऱ्यांनी अल्पसुसंगत प्रकाशाच्या व्यतिकरणाने डोळ्याची लांबी मोजली. यंग यांची दोन कामे इथे एकत्र आली. १९९९ मध्ये त्यावर आधारलेले यंत्र झाइस कंपनीने बाजारात आणले आणि डोळ्याला स्पर्श न करता काही सेकंदांत लांबी कळू लागली.

आता गंमत पाहा. ज्या व्यतिकरणाने फेर्चर यांनी लांबी मोजली, त्याच तत्त्वावर १९९१ मध्ये एमआयटीतील डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो आदींनी ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, जगापुढे ठेवली. दोन्ही यंत्रे एका कुळातली. एक डोळ्याची लांबी मोजते. दुसरे, नित्याच्या वापरात, ती गृहीत धरते. नेहमीचे ओसीटी यंत्र दृष्टिपटलाभोवतीचे मोजके काही मिलिमीटर खोलीचेच चित्र घेते, पुढे कॉर्निया किती दूर आहे ते त्याच्या चौकटीत येतच नाही. म्हणून आडव्या मापासाठी त्याला एक ठरीव लांबी पुरवून ठेवलेली असते. झाइसच्या सिरस या प्रचलित यंत्राची मापे दुरुस्त करताना संशोधक २४.४६ मिलिमीटर हा आकडा धरतात. हायडेलबर्गच्या स्पेक्ट्रालिसमध्ये काचबिंदूच्या तपासणीचे वर्तुळ १२ अंशांचे म्हणून सांगितलेले असते. ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण यंत्राला जे ठाऊक आहे तेच ते सांगते.

दुरुस्तीचे सूत्र ओसीटीच्या आधीच तयार होते. झाइसचे हान्स लिटमान यांनी १९८२ मध्ये नेत्रतलाच्या छायाचित्रावरून खरे माप काढण्याची रीत दिली: छायाचित्रावरचे माप, कॅमेऱ्याचा गुणक आणि डोळ्याचा गुणक, या तिघांचा गुणाकार. १९९४ मध्ये लंडनचे आर्थर बेनेट, अलित्सिया रुडनित्स्का आणि डेव्हिड एडगर यांनी डोळ्याचा गुणक नुसत्या अक्षीय लांबीवरून काढण्याचे सूत्र दिले. ते इतके सुटसुटीत आहे की विद्यार्थ्यांनी ते कागदावर स्वतः ताडून पाहावे:

दर अंशाला मिलिमीटर = ०.०१३०६ × (अक्षीय लांबी − १.८२)

०.०१३०६ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. एका अंशाचे रेडियन ०.०१७४५, त्याला डोळ्यातल्या द्रवाच्या अपवर्तनांकाने, १.३३६ ने, भागले की तो मिळतो, कारण बाहेरचा कोन डोळ्यात शिरताना तेवढा लहान होतो. १.८२ मिलिमीटर म्हणजे कॉर्नियापासून डोळ्याच्या प्रकाशीय मुख्य बिंदूपर्यंतचे अंतर; दृष्टिपटलाचे अंतर तिथून मोजायचे. कोन गुणिले अंतर, एवढेच हे सूत्र आहे. लॅम्टन यांना ते समजायला क्षणही लागला नसता.

या दुरुस्तीचे मोल लवकरच दिसले. जर्मनीतील एर्लांगन येथे योस्ट योनास आणि सहकाऱ्यांनी लिटमान यांची रीत वापरून निरोगी डोळ्यांतील ऑप्टिक डिस्क मोजल्या. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात डिस्कचे क्षेत्रफळ ०.८० पासून ५.५४ चौरस मिलिमीटरपर्यंत आढळले. म्हणजे जवळजवळ सातपट फरक. ज्या चकतीला शतकभर मोजपट्टी म्हणून वापरले, तीच माणसागणिक लहानमोठी निघाली.

हेच योनास पुढे नागपूरच्या कामात सहभागी झाले. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि हायडेलबर्ग विद्यापीठाच्या मानहाइम विद्याशाखेतील योनास यांच्या पुढाकाराने २००६ ते २००८ या काळात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ हे सर्वेक्षण झाले. आठ खेड्यांतील तीस वर्षे व त्यापुढील वयाच्या ५८८५ जणांपैकी ४७११ जण तपासणीला आले, म्हणजे ८०.१ टक्के. रुग्णालयात येणाऱ्यांवरून काढलेल्या सरासरीत आजारी माणसांचा भरणा असतो. इथे गावेच्या गावे तपासली गेली. ज्यांच्या डोळ्यांना आजवर कोणी यंत्र लावले नव्हते अशी शेतावर राबणारी माणसेही त्यात आली. हे काम किती चिकाटीचे असते, याची कल्पना प्रयोगशाळेत बसणाऱ्या आमच्यासारख्यांना सहसा येत नाही.

श्राव्यातीत ध्वनीने मोजलेली डोळ्याची सरासरी लांबी आली २२.६ मिलिमीटर. २०१० मध्ये हा निष्कर्ष ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सर्वांत आखूड डोळा १८.२२ मिलिमीटरचा, सर्वांत लांब ३४.२० मिलिमीटरचा. वरचे सूत्र या दोन टोकांना लावून पाहा. पहिल्या डोळ्यात एका अंशाचे ०.२१ मिलिमीटर होतात, दुसऱ्यात ०.४२. इतक्या टोकाच्या डोळ्यांत सूत्राचा नेमकेपणा कमी होतो हे मान्य करूनही, एकाच पंचक्रोशीतल्या दोन माणसांच्या दृष्टिपटलावर तोच अंश एकात दुसऱ्याच्या दुप्पट पसरतो.

टोके बाजूला ठेवू आणि सरासरी माणूस घेऊ. २४.४६ मिलिमीटर धरून चालणाऱ्या यंत्रासमोर २२.६ मिलिमीटरचा डोळा आला. यंत्राच्या हिशेबात एका अंशाचे ०.२९६ मिलिमीटर, डोळ्यात प्रत्यक्ष ०.२७१. म्हणजे अहवालावरचे प्रत्येक आडवे माप सुमारे ९ टक्क्यांनी जास्त. क्षेत्रफळात ही चूक दोनदा गुणली जाते: १०० म्हणून छापलेले क्षेत्रफळ प्रत्यक्षात ८४ असते. ही एखाद्या अपवादात्मक रुग्णाची गोष्ट नव्हे, त्या आठ गावांतल्या मधल्या माणसाची आहे.

आता एक शंका रास्त आहे. ध्वनीने मोजलेली लांबी आणि प्रकाशाने मोजलेली लांबी तंतोतंत जुळत नाहीत. ध्वनीचा प्रतिध्वनी दृष्टिपटलाच्या पुढच्या पृष्ठभागावरून येतो, प्रकाशाचा मागच्या रंगद्रव्ययुक्त थरावरून. शिवाय ध्वनीची शोधणी कॉर्नियाला टेकवली तर कॉर्निया किंचित दाबला जातो. त्यामुळे ध्वनीचा आकडा थोडा कमी येतो. परंतु हा फरक काही दशांश मिलिमीटरचा असतो. २२.६ आणि २४.४६ यांतले अंतर त्याने भरून निघत नाही. सिंगापुरातील भारतीय वंशाच्या प्रौढांमध्ये प्रकाशीय यंत्राने मोजलेली सरासरी २३.४५ मिलिमीटर आली. ती नागपूरपेक्षा जास्त खरी, पण गृहीतकापेक्षा तीही एका मिलिमीटरने कमीच. नागपूरच्या अभ्यासात उंच आणि अधिक शिकलेल्या माणसांचे डोळे अधिक लांब आढळले, हेही इथे लक्षात घ्यावे. ‘भारतीय डोळा’ असा एक नमुना डोळा करून यंत्रात बसवला तर जुनी चूक नव्या नावाने होईल, एवढेच.

हे सारे मिलिमीटरच्या अंशांचे भांडण वाटेल. म्हणून काचबिंदूचे उदाहरण घेतो. काचबिंदूत दृष्टिमज्जातंतूचे धागे हळूहळू मरतात. गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि रुग्णाला बराच काळ काही जाणवत नाही. म्हणून ओसीटीने डिस्कभोवती एक वर्तुळ आखून त्यावर या धाग्यांच्या थराची जाडी मोजतात. सिरस यंत्रात या वर्तुळाचा व्यास ३.४६ मिलिमीटर. जाडी मोजलेली असते, गृहीत नसते, असे मी आरंभी म्हटले. ते खरेच आहे. पण जाडी कुठे मोजली, हे आडवे माप आहे. २२.६ मिलिमीटरच्या डोळ्यात ते वर्तुळ प्रत्यक्षात ३.१८ मिलिमीटरचे पडते, म्हणजे डिस्कच्या अधिक जवळ. गावाकडे जाणाऱ्या वाटा वेशीपाशी एकवटाव्यात तसे हे धागे डिस्कपाशी एकवटतात; जवळ मोजले की थर जाड भरतो. वर्तुळाचा व्यास जेवढ्या पटीने घटतो तेवढ्या पटीने जाडी वाढते, असे ढोबळमानाने धरले, तर योग्य जागी ८० मायक्रोमीटर भरला असता तो थर अहवालावर ८७ दिसेल. उलट २७ मिलिमीटरच्या, मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात वर्तुळ ३.८५ मिलिमीटरचे होते आणि योग्य जागचे ९० मायक्रोमीटर ८१ होऊन छापले जातात.

अहवालावर हे आकडे रंगांत येतात: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सीमेवर, लाल म्हणजे प्रमाणाबाहेर. निरोगी लांब डोळा लाल दिसतो, याला नेत्रवैद्य गमतीने ‘लाल रोग’ म्हणतात. रोग असून अहवाल हिरवा येतो, त्याला ‘हिरवा रोग’. लाल रोगाची चर्चा पुष्कळ झाली, कारण लघुदृष्टीची लाट असलेल्या पूर्व आशियातून त्यावर भरपूर संशोधन आले. कोरियातील एका गटाने २०१० मध्ये दाखवले की लांब डोळ्यांत थर पातळ दिसण्याचा कल विशालनाची दुरुस्ती केल्यावर नाहीसा होतो. हिरव्या रोगाकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. लाल अहवालाने घाबरलेला माणूस पुन्हा तपासणीला येतो, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो, आणि उशिरा का होईना चूक उघडी पडते. हिरवा अहवाल घेऊन गावी परतलेला माणूस परत येत नाही. मध्य भारतात, जिथे डोळे आखूड आहेत आणि रुग्णालय दूर आहे, तिथे कोणत्या चुकीची अधिक धास्ती बाळगावी हे उघड आहे.

दृष्टिपटलातील केशवाहिन्यांचे जाळे दाखवणाऱ्या ओसीटी अँजिओग्राफीतही हाच प्रश्न उभा राहिला. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यभागी रक्तवाहिन्या नसलेली एक छोटी जागा असते; मधुमेहात ती वाढते, म्हणून तिचे क्षेत्रफळ मोजतात. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॅन्युटा सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की डोळ्याच्या लांबीची दुरुस्ती न करता काढलेले हे क्षेत्रफळ भरवशाचे नसते. तरीही आजमितीस अनेक शोधनिबंधांत दोन गटांची क्षेत्रफळे शेजारी शेजारी ठेवलेली आढळतात आणि लांबीचा स्तंभ कोष्टकात नसतो. माझ्याकडे परीक्षणासाठी असा निबंध आला की मी पहिला प्रश्न तोच विचारतो.

या टीकेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याच प्रौढ माणसाची त्याच यंत्रावर दर वर्षी तपासणी होत असेल, तर लांबी बदलत नसल्याने चूकही तीच राहते आणि झालेला बदल खरा असतो. मुलांच्या बाबतीत मात्र हा दिलासा नाही. दिल्लीच्या शाळांत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी आढळली; अशा मुलाचा डोळा दोन तपासण्यांच्या मध्ये लांब झालेला असतो आणि मोजपट्टीच ताणली गेलेली असते. यंत्रांत निरोगी माणसांची जी आकडेवारी तुलनेसाठी भरलेली असते, ती सामान्यतः वयानुसार जुळवून घेतली जाते. वय रुग्णाच्या कार्डावर असते, लांबी नसते. कारण बहुधा एवढेच असावे.

जबलपूरसारख्या शहरात मंडला किंवा डिंडोरीकडून आलेले आजोबा आणि स्पर्धा परीक्षेसाठी दिवसाचे बारा तास वाचणारी मुलगी एकाच दिवशी एकाच यंत्रासमोर हनुवटी टेकवतात. त्यांच्या डोळ्यांत चार मिलिमीटरचाही फरक असू शकतो, आणि यंत्र दोघांनाही एकच डोळा बहाल करते. यावरचा उपाय खर्चिक नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी भिंगाचा नंबर काढण्यासाठी अक्षीय लांबी मोजावीच लागते. त्या आजोबांचा मोतीबिंदू काढायचा ठरला, की शेजारच्या खोलीत त्यांच्या डोळ्याची लांबी दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत फाइलवर लिहिली जाते. तो आकडा घ्यायचा, त्यातून १.८२ वजा करायचे आणि २२.६४ ने भागायचे. सिरसच्या अहवालावरच्या आडव्या मापाला त्याने गुणले की खरे माप मिळते, आणि क्षेत्रफळ असेल तर दोनदा गुणायचे. वर्तुळावरच्या जाडीसाठी मात्र नुसता गुणाकार पुरत नाही. तिथे वर्तुळच त्या डोळ्याच्या मापाने आखावे लागते, आणि ते काम यंत्र बनवणाऱ्यांचे आहे.